मुंबई उपनगरांतील नव्या घरांमधील रेडॉन नियंत्रण

रेडॉन हा रंग, वास व चव नसलेला किरणोत्सर्गी वायू आहे. माती, खडक व बांधकाम साहित्यातील युरेनियमच्या क्षयातून रेडियम आणि रेडियमपासून रेडॉन तयार होतो. रेडॉन-२२२ चा अर्धायुकाल सुमारे ३.८ दिवस असतो; जमिनीतील भेगांतून घरात शिरून साठण्यास एवढा अवधी पुरतो. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९८८ मध्ये त्याची गणना मानवी कर्करोगकारकांत केली. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये घरांसाठी दर घनमीटरला १०० बेकेरेल ही संदर्भ पातळी सुचवली.

अमेरिकेतील अनेक भागांत नव्या घराच्या जोत्याखाली खडीचा थर, त्यावर प्लॅस्टिकचे आवरण आणि छपरावर निघणारी वायुनलिका आवश्यक असते. मुंबईच्या विकास नियंत्रण नियमावलीत अशी नलिका नाही. तरीही येथील घरे अगदीच असंरक्षित आहेत असे म्हणता येत नाही. उपनगरांखालील खडक बहुतांशी दख्खनचा बेसाल्ट आहे (अंधेरीची गिल्बर्ट टेकडी त्याचेच प्रसिद्ध रूप) आणि त्यात युरेनियमचे प्रमाण ग्रॅनाइटपेक्षा बरेच कमी असते. शिवाय इमारतीखालचा मोकळा वाहनतळ जमिनीतील वायू वरच्या घरांत पोहोचू देत नाही. बैठ्या चाळींना हा लाभ नाही.

२०१८ पर्यंत लागू असलेल्या १९९१ च्या नियमावलीनुसार राहत्या खोलीच्या खिडक्यांचे एकूण क्षेत्र जमिनीच्या क्षेत्राच्या किमान एक षष्ठांश असावे लागत असे. हा नियम उजेड व हवेसाठी केलेला असला, तरी रेडॉन पातळ करण्याचे काम तोच करतो. मात्र खिडक्या उघडल्या तरच. वातानुकूलनासाठी दिवसरात्र बंद ठेवलेल्या खोलीत नियमाचा उपयोग कागदापुरता उरतो.

वरच्या मजल्यांवर रेडॉनचा मुख्य स्रोत म्हणजे भिंती व फरशा. फॉस्फरिक आम्ल बनवताना उरणाऱ्या फॉस्फोजिप्सममध्ये रेडियम असते व त्यापासून फलक तयार होतात. अणुशक्तिनगर येथील अणुऊर्जा नियामक मंडळाने २००९ मध्ये यासाठी निर्देश काढले. त्यानुसार दर ग्रॅमला १ बेकेरेलपेक्षा कमी रेडियम-२२६ असलेले फॉस्फोजिप्समच बांधकाम साहित्यासाठी मंडळाच्या मंजुरीविना विकता येते.

घरातील रेडॉन मोजण्यासाठी ट्रॉम्बे येथील भाभा अणुसंशोधन केंद्राने जुळ्या कपांचे मापक विकसित केले. ते सुमारे तीन महिने खोलीत टांगून ठेवतात. नंतर त्यातील फिल्मवर अल्फा कणांनी उमटवलेल्या खुणा मोजून सरासरी पातळी काढली जाते.