नाताळ : ख्रिस्तजन्माचा अर्थ आणि मराठी ख्रिस्ती परंपरा

येशू ख्रिस्ताच्या जन्माप्रीत्यर्थ ख्रिस्ती धर्मीय साजरा करीत असलेला सण. बहुतेक ख्रिस्ती पंथांत तो २५ डिसेंबर रोजी येतो. ‘नाताळ’ हा मराठी शब्द पोर्तुगीज ‘नाताल’ या शब्दावरून आला असून, ‘जन्मासंबंधीचा’ या अर्थाचा लॅटिन ‘नातालिस’ हा शब्द त्याच्या मुळाशी आहे. इंग्रजीतील ‘ख्रिसमस’ या शब्दाचा मूळ अर्थ ‘ख्रिस्ताचा मिस्सा’, म्हणजे ख्रिस्ताप्रीत्यर्थ केलेली उपासना, असा होतो. जन्म आणि उपासना ही या सणाची दोन अंगे या दोन नावांतून व्यक्त होतात. ख्रिस्ती उपासकाच्या दृष्टीने नाताळ ही केवळ एका थोर धर्मसंस्थापकाची जयंती नव्हे. परमेश्वराने मनुष्यदेह धारण केला, या श्रद्धेचा तो उत्सव होय. जन्मोत्सव आणि अवतारकल्पना यांची दीर्घ परंपरा असलेल्या मराठी भाषेत हा अर्थ कोणत्या शब्दांनी सांगावा, हा प्रश्न सतराव्या शतकापासून मराठी ख्रिस्ती लेखकांपुढे राहिला आहे.

धर्मग्रंथातील आधार : ख्रिस्तजन्माची कथा चार शुभवर्तमानांपैकी मत्तय व लूक या दोहोंतच आढळते. मार्काचे शुभवर्तमान येशूच्या बाप्तिस्म्यापासून सुरू होते. योहानाच्या शुभवर्तमानात जन्मकथा नाही. परंतु सृष्टीच्या आरंभापासून देवासह असलेला शब्द मनुष्यदेहात आला, हे त्या कथेचे तात्त्विक सार तेथे सांगितले आहे. लूकने मरिया व योसेफ यांचा बेथलेहेमपर्यंतचा प्रवास, उतारशाळेत जागा न मिळाल्याने बाळाला गव्हाणीत ठेवणे आणि रानात मेंढरे राखणाऱ्या मेंढपाळांना प्रथम वार्ता मिळणे, हे प्रसंग वर्णिले आहेत. मत्तयने पूर्वेकडून आलेले ज्ञानी लोक, हेरोद राजाने केलेली बालहत्या आणि त्या कुटुंबाचे मिसर देशातील पलायन यांची कथा दिली आहे. मत्तयने योजिलेल्या ‘इम्मानुएल’ या हिब्रू नामाचा अर्थ ‘देव आमच्याबरोबर’ असा असून नाताळच्या उपासनेचा तो गाभा मानला जातो.

तिथी व सिद्धांत : येशूच्या जन्माची तिथी शुभवर्तमानांत दिलेली नाही. हेरोद राजा इ. स. पू. ४ मध्ये मरण पावला असे सामान्यतः मानण्यात येत असल्याने येशूचा जन्म त्यापूर्वी काही काळ झाला असावा, असे अभ्यासक मानतात. रोममध्ये २५ डिसेंबर हा जन्मदिन पाळला जात असल्याची सर्वांत जुनी नोंद इ. स. ३३६ च्या सुमाराची आहे. पूर्वेकडील चर्चमध्ये ६ जानेवारी हा प्रकटीकरणाचा सण प्राचीन काळापासून महत्त्वाचा होता व आर्मेनियन चर्च आजही त्याच दिवशी ख्रिस्तजन्म साजरा करते. सणाचा प्रसार आणि ख्रिस्ताच्या स्वरूपाविषयीचे वाद यांचा काळ साधारणतः एकच आहे. नायसीया (३२५), एफेसस (४३१) व कॅल्सिडन (४५१) येथील धर्मपरिषदांनी ख्रिस्त पूर्ण देव व पूर्ण मनुष्य असल्याचे प्रतिपादन केले. त्यामुळे गव्हाणीतील बालकाला वंदन करणे म्हणजे या सिद्धांताला उपासनेतून दिलेली मान्यता ठरली. असीसीचा संत फ्रान्सिस याने १२२३ मध्ये ग्रेच्चो येथे गव्हाणीचा देखावा उभा केला. तेव्हापासून या सणातील दारिद्र्य व नम्रता यांचा भाव लोकमानसात अधिक दृढ झाला.

मराठीतील पहिले महाकथन : ख्रिस्तजन्माची कथा मराठीत विस्ताराने आणण्याचे श्रेय इंग्रज जेज्वीट धर्मोपदेशक फादर थॉमस स्टीफन्स (१५४९–१६१९) यांच्याकडे जाते. ते १५७९ मध्ये गोव्यास आले. त्यांचे क्रिस्तपुराण १६१६ मध्ये रायतूर येथे रोमन लिपीत छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्यांच्या या ग्रंथाचे ‘पहिले पुराण’ बायबलच्या जुन्या करारावर व ‘दुसरे पुराण’ ख्रिस्तचरित्रावर आधारलेले आहे. पुराणश्रवणाची सवय असलेल्या नवख्रिस्ती समाजाला त्याच्या जुन्या धर्मग्रंथांच्या जागी वाचण्यास नवे पुराण हवे होते. ही गरज स्टीफन्स यांनी ओळखली. स्वर्गासाठी ‘वैकुंठ’सारखा शब्द योजण्यास ते कचरले नाहीत. ज्या गोव्यात मंदिरे पाडली गेली होती व १५६० पासून धर्मन्यायपीठाचा अंमल होता, त्याच गोव्यात हा ग्रंथ निर्माण झाला, हा विरोधाभास लक्षणीय आहे. सत्तेने जी परंपरा मोडू पाहिली, तिच्याच छंदाचा व शब्दकळेचा आश्रय ख्रिस्तकथेला घ्यावा लागला.

प्रॉटेस्टंट मिशनांचा काळ : एकोणिसाव्या शतकात चित्र पालटले. विल्यम कॅरी यांच्या नेतृत्वाखाली श्रीरामपूर (बंगाल) येथून नव्या कराराचे मराठी भाषांतर १८११ मध्ये प्रसिद्ध झाले. १८१३ मध्ये मुंबईत अमेरिकन मराठी मिशनच्या कार्यास आरंभ झाला. या मिशनचे मूळ न्यू इंग्लंडमधील प्यूरिटन परंपरेत होते. त्या परंपरेला नाताळाचे वावडे होते. मॅसॅच्यूसेट्समध्ये १६५९ ते १६८१ या काळात हा सण पाळण्यास कायद्याने बंदी होती. साहजिकच या मंडळींच्या उपासनेत सणाच्या थाटापेक्षा वचनाचे वाचन व प्रवचन यांना अग्रस्थान मिळाले. मराठी ख्रिस्ती समाजात नाताळाचे जे रूप पुढे स्थिरावले, त्यात कॅथलिकांची मध्यरात्रीची मिस्सा व गव्हाण आणि प्रॉटेस्टंटांचे शास्त्रवाचन व गीतगायन असे दोन्ही प्रवाह दिसतात.

वऱ्हाडातील संदर्भ : १८६७ मध्ये भुसावळ–नागपूर लोहमार्ग पूर्ण झाल्यावर वऱ्हाडातील कापसाच्या बाजारपेठा मुंबईशी जोडल्या गेल्या. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात अमेरिकेतील ‘ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्स’ या संघटनेने अकोला हे आपल्या वऱ्हाडातील कार्याचे प्रमुख केंद्र केले. तिच्या कार्यकर्त्या जेनी फुलर यांनी भारतीय स्त्रियांच्या दुःस्थितीवर लिहिलेला इंग्रजी ग्रंथ १९०० मध्ये प्रसिद्ध झाला व त्याला पंडिता रमाबाईंची (१८५८–१९२२) प्रस्तावना लाभली. १८९६-९७ व १८९९-१९०० या दुष्काळांनी वऱ्हाड होरपळून निघाला. अनाथ मुलांचे संगोपन हे त्या काळात मिशनांचे एक मोठे काम होऊन बसले. कॅथलिकांच्या बाबतीत अमरावती हा स्वतंत्र धर्मप्रांत १९५५ मध्ये स्थापन झाला.

अकोल्याचे जुने शहर मोर्णा नदीच्या पश्चिम तीरावर, असदगड किल्ल्याच्या परिसरात वसले आहे. ग्रामदैवत राजराजेश्वराचे मंदिर येथेच असून श्रावणातील शेवटच्या सोमवारी पूर्णा नदीचे जल आणून त्याला अभिषेक करण्यासाठी कावडयात्रा निघते. मुसलमानांची वस्ती व मशिदीही येथे जुन्या आहेत. अशा नगरात अल्पसंख्य ख्रिस्ती समाजाला आपल्या सणाचा अर्थ दोन प्रकारच्या शेजाऱ्यांना सांगावा लागतो. देव देह धारण करतो, ही गोष्ट हिंदू शेजाऱ्यास नवी नाही. ती एकदाच व एकाच ठिकाणी घडली, हे ख्रिस्ती प्रतिपादन त्याला दुर्बोध वाटते. उलट मरियम व तिच्या पुत्राचा अलौकिक जन्म मुसलमान शेजाऱ्यास कुराणातून परिचित आहे आणि ईसा हा त्याला वंदनीय पैगंबर आहे. मात्र ईश्वर मनुष्य झाला, हे विधान तो मान्य करू शकत नाही. एकच सण दोन दिशांनी निराळ्या रीतीने समजावून द्यावा लागतो आणि त्यातूनच त्याचा विशेष अर्थ स्पष्ट होतो.

‘अवतार’ की ‘देहधारण’ : वऱ्हाडात या शब्दप्रश्नाला आणखी एक पार्श्वभूमी आहे. अमरावती जिल्ह्यातील ऋद्धिपूर हे महानुभाव पंथाचे श्रेष्ठ तीर्थस्थान होय. तेराव्या शतकातील या पंथाने श्रीकृष्ण, दत्तात्रेय, चांगदेव राऊळ, गोविंदप्रभू व चक्रधर हे परमेश्वराचे पाच अवतार मानले आणि जीवांच्या उद्धारासाठी परमेश्वर कृपेने मनुष्यरूपात येतो, असे शिकविले. ख्रिस्ती विचाराशी या शिकवणुकीचे साम्य सहज जाणवते. तथापि ख्रिस्ती मतानुसार ख्रिस्ताचा देह हे तात्पुरते धारण केलेले रूप नसून भूक, वेदना व मृत्यू यांसह स्वीकारलेले मनुष्यत्व आहे आणि ही घटना पुन्हा घडणारी नाही. म्हणूनच ‘अवतार’ हा सुलभ शब्द हाताशी असूनही ख्रिस्ती धर्मशास्त्रात ‘देहधारण’ ही संज्ञा अधिक काटेकोर मानली जाते.

टिळकांचा मार्ग : हा प्रश्न भक्तीच्या अंगाने सोडविण्याचा सर्वांत प्रभावी प्रयत्न रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांनी केला. १८९३ मध्ये रेल्वेप्रवासात एका परदेशी सहप्रवाशाकडून त्यांना बायबल मिळाले व १८९५ मध्ये मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यामुळे पत्नी लक्ष्मीबाईंशी काही वर्षे त्यांची ताटातूट झाली. ख्रिस्ताच्या स्वीकाराची किंमत घरादाराने मोजावी लागते, हा त्या पिढीतील अनेक मराठी ख्रिस्ती लोकांचा अनुभव होता. टिळकांनी अभंग, भजन व कीर्तन हे वारकरी परंपरेचे प्रकार ख्रिस्ती उपासनेत रुजविले. ख्रिस्तायन हे ओवीबद्ध ख्रिस्तचरित्र त्यांनी आरंभिले. त्याचा बहुतेक भाग पुढे लक्ष्मीबाईंनी रचला व ते १९३८ मध्ये प्रसिद्ध झाले. स्टीफन्स यांनी बाहेरून येऊन मराठी छंद आत्मसात केला, तर टिळक दांपत्याला तो वारशानेच लाभला होता. परधर्मीयांचा मानला गेलेला सण त्यांच्या रचनांमुळे मराठी भक्तीच्या स्वरात बोलू लागला.

उपासनेचे स्वरूप व अर्थ : नाताळपूर्वीच्या चार रविवारांच्या कालखंडास आगमनकाळ म्हणतात. त्यात ख्रिस्ताच्या पहिल्या आगमनाचे स्मरण व पुनरागमनाची प्रतीक्षा ही दोन्ही असतात. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (१९६२–६५) कॅथलिकांची मिस्सा लॅटिनऐवजी मराठीत होऊ लागली. फादर फ्रान्सिस दिब्रिटो (मृत्यू २०२४) यांच्या सुबोध बायबलने ही कथा आजच्या मराठीत आणली. नाताळच्या उपासनेत मिस्सा अथवा प्रभुभोजन यांना असलेले स्थान अर्थपूर्ण आहे : ज्या देहाचा जन्म साजरा होतो, त्याच देहाच्या बलिदानाचे स्मरण तेथे केले जाते. पाश्चात्त्य पंचांगात २६ डिसेंबर हा स्तेफन या हुतात्म्याचा व २८ डिसेंबर हा बेथलेहेममधील निष्पाप बालकांचा स्मृतिदिन असतो. त्यामुळे जन्माचा आनंद जगातील हिंसा व दुःख यांकडे डोळेझाक करीत नाही.

रोषणाई, सजविलेले झाड, केक व फराळ या गोष्टी स्थलकालानुसार बदलत आल्या आहेत व त्यांपैकी अनेक अर्वाचीन आहेत. मूळ कथेतील वस्तू मात्र वऱ्हाडातील वाचकाला समजावून द्याव्या लागत नाहीत. गव्हाण म्हणजे काय, हे गुरांचा गोठा पाहिलेल्या शेतकऱ्याला ठाऊक असते; रात्री रानात मेंढरे राखणारा मेंढपाळही त्याच्या नित्य परिचयाचा असतो. कापूसवेचणीच्या दिवसांत, थंडीच्या रात्री येणाऱ्या या सणाचा आशय त्या परिचित वस्तूंतच सामावलेला आहे. परमेश्वराने राजवाडा न निवडता गोठा निवडला व पहिली वार्ता प्रतिष्ठितांना न देता रानातल्या माणसांना दिली, ही श्रद्धा दुष्काळात आप्त गमावलेल्यांनी आणि धर्मांतरामुळे घराला पारखे झालेल्यांनी जवळची मानली. कोणत्याही मनुष्याचे जीवन देवाच्या दृष्टीने क्षुद्र नाही, हा तिचा निष्कर्ष होय. आणि नाताळचा उत्सव तो आचरणात उतरविण्याची जबाबदारी उपासकावर टाकतो.