फ्लॉरेन्स : एका दिवसाच्या पायी भ्रमंतीतील इतिहास

इटलीतील फ्लॉरेन्स हे नगर एका दिवसात पायी पाहून होते, असे प्रवासवर्णनांतून सांगितले जाते. अंतराच्या दृष्टीने हे खरे आहे. कॅथेड्रल आणि पालात्झो वेक्क्यो यांमधील अंतर अर्ध्या किलोमीटरच्या आसपास भरते. तथापि, पायाखालची प्रत्येक वाट कोणत्या शतकाची आहे, हा प्रश्न विचारल्याखेरीज या नगराचा इतिहास हाती लागत नाही. प्रस्तुत लेखात या दृष्टीने काही निवडक स्थळांचा विचार केला आहे.

पिआत्झा देल्ला रेपुब्लिका या चौकापासून आरंभ करणे इष्ट ठरते. रोमन वसाहतीचा फोरम येथे होता व आसपासच्या सरळ, काटकोनी रस्त्यांतून तिची आखणी आजही ओळखता येते. मात्र चौकाचे आजचे रूप रोमनही नाही आणि मध्ययुगीनही नाही. १८६५ ते १८७१ या काळात फ्लॉरेन्स ही एकीकृत इटलीची राजधानी होती. वास्तुविशारद जुझेप्पे पोज्जी यांच्या योजनेनुसार आर्नो नदीच्या उत्तरेकडील तटबंदी पाडून रुंद रस्ते करण्यात आले. पुढे १८८५ नंतर जुना बाजार आणि ज्यूंची वस्ती हटवून हा चौक मोकळा करण्यात आला. नगराच्या सुशोभीकरणाची किंमत तेथील रहिवाशांनी मोजली, ही बाब मार्गदर्शक पुस्तकांत क्वचितच आढळते.

कॅथेड्रलचे बांधकाम १२९६ मध्ये सुरू झाले. ब्रुनेलेस्कीने १४२० ते १४३६ या काळात उभारलेला विटांचा घुमट जमिनीपासून आधार देणाऱ्या लाकडी साच्याशिवाय बांधला गेला. विटांची तिरकस, माशाच्या काट्यासारखी रचना आणि परस्परांशी जोडलेली दोन कवचे यांमुळे ते शक्य झाले. याउलट, पर्यटक ज्या संगमरवरी दर्शनी भागापुढे छायाचित्रे काढतात, तो १८८७ मध्ये पूर्ण झाला! पिआत्झा देल्ला सिन्योरियातही असेच घडते. १५०४ मध्ये तेथे उभा केलेला मायकेलअँजेलोचा 'डेव्हिड' १८७३ मध्ये आत हलविला गेला. आज चौकात दिसते ती प्रतिकृती होय.

१३४५ चा पोंते वेक्क्यो हा पूल १९४४ मध्ये माघार घेणाऱ्या जर्मन सैन्याने वाचविला, परंतु त्याच्या दोन्ही टोकांची जुनी घरे सुरुंगांनी उडविली. जवळचा सांता त्रिनिता पूल तर पूर्णतः कोसळला होता. नदीतून काढलेले दगड वापरून तो १९५८ मध्ये पुन्हा उभा राहिला.

बहुतेकांची भ्रमंती येथे संपते. मराठी अभ्यासकाने मात्र नदीकाठाने पश्चिमेकडे सुमारे पाच किलोमीटर पुढे जावे. काशिने उद्यानाच्या टोकाशी, आर्नो आणि मुन्योने यांच्या संगमावर, करवीरचे छत्रपती राजाराम महाराज यांचे स्मारक आहे. इंग्लंडचा प्रवास आटोपून परतताना ३० नोव्हेंबर १८७० रोजी फ्लॉरेन्समध्ये त्यांचे निधन झाले. त्या वेळी ते अवघे २० वर्षांचे होते. कॅथलिक परंपरेच्या या नगरात शवदहन ही अपरिचित बाब होती. इटलीतील आधुनिक दहनगृह मिलानमध्ये १८७६ साली प्रथम वापरात आले, हे लक्षात घेता या परवानगीचे महत्त्व ध्यानी येते. हिंदू परंपरेत पवित्र मानलेल्या संगमस्थानी अंत्यविधी झाला. नवस्थापित राष्ट्राच्या राजधानीने परक्या धर्माचा आचार मान्य केला, ही घटना इटालियन उदारमतवादाच्या इतिहासातही नोंद घेण्याजोगी आहे.

१८७४ मध्ये तेथे छत्री उभारली गेली. तिचा आराखडा चार्ल्स मॅन्ट यांचा, तर आतील अर्धपुतळा शिल्पकार फुलर यांचा आहे. मॅन्ट यांनीच पुढे कोल्हापूरच्या नव्या राजवाड्याचा आराखडा केला. त्यामुळे दोन नगरांतील या वास्तू एकत्र अभ्यासल्या जाणे आवश्यक आहे. महाराजांची युरोप-प्रवासाची इंग्रजी दैनंदिनी कॅप्टन वेस्ट यांनी संपादित केली व ती १८७२ मध्ये लंडनला प्रसिद्ध झाली. संपादकाच्या हातून गेलेले साधन म्हणून ती सावधपणे वाचावी लागते.

स्मारकाशेजारी १९७८ मध्ये पूर्ण झालेल्या पुलाला स्थानिक लोक 'पोंते अल्लिंदियानो', म्हणजे 'भारतीयाजवळचा पूल', म्हणतात. त्यावरून रोज ये-जा करणाऱ्यांच्या तोंडी नावातला 'भारतीय' आहे. करवीर मात्र नाही.