नृत्योपचार, छिन्नमनस्कतेतील

शरीराच्या हालचालींतून रुग्णाशी संवाद साधणारी मानसोपचाराची पूरक पद्धत. छिन्नमनस्कतेत (स्किझोफ्रेनिया) ती औषधांच्या जोडीने वापरतात, औषधांऐवजी नव्हे. नावावरून नाचाचा वर्ग डोळ्यांपुढे येतो. पण येथे कोणाचा ताल चुकत नाही, कारण शिकवायचे असे काही नसतेच.

या पद्धतीच्या उगमाशी मॅरियन चेस (१८९६–१९७०) या अमेरिकी नर्तकीचे नाव जोडले जाते. वॉशिंग्टनच्या सेंट एलिझाबेथ्स या सरकारी मनोरुग्णालयात त्यांनी १९४२ मध्ये काम सुरू केले. क्लोरप्रोमाझीन हे औषध मनोविकारांसाठी वापरात यायला तेव्हा दहा वर्षे अवकाश होता. चेस तबकडी लावत, पुष्कळदा वॉल्ट्झची. कोणी भिंतीशी उभा राहून डुलत असेल, तर त्या त्याच लयीत डुलू लागत. हुबेहूब नक्कल मात्र टाळायची. ती वेडावून दाखवल्यासारखी वाटते. त्या डुलण्यातला जोर आणि वेग उचलायचा आणि आपल्या अंगाने त्याला उत्तर द्यायचे. हळूहळू माणसे वर्तुळात येत, एका ठेक्यावर पाय टाकीत. शब्द आलेच तर नंतर. अमेरिकी नृत्योपचार संघटना १९६६ मध्ये स्थापन झाली, तेव्हा चेस तिच्या पहिल्या अध्यक्ष झाल्या.

भास आणि भ्रम औषधांनी बरेचसे आटोक्यात येतात. निरिच्छता, भावशून्य चेहरा, आटलेले बोलणे, माणसांपासून तुटणे या अभावात्मक लक्षणांपुढे तीच औषधे तोकडी पडतात. काहींनी अंग आखडते ते वेगळेच. नृत्योपचाराचा दावा आहे तो याच लक्षणांवर.

दाव्याच्या मानाने पुरावा थोडा आहे. ब्रिटनमध्ये ४५ रुग्णांच्या चाचणीत (२००६) नृत्योपचाराला जवळच्या शरीराधारित मानसोपचाराने ही लक्षणे समुपदेशनापेक्षा अधिक उतरली. पुढे त्याच पद्धतीची २७५ रुग्णांवर चाचणी झाली, तुलनेला पिलाटेसचा व्यायाम ठेवून. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षात रुग्णाला जाणवेल असा फरक दिसला नाही. वर्तुळात कोणी प्रथमच शेजाऱ्याचा हात धरला, हे लक्षणांच्या मोजपट्टीवर उमटेलच असे नाही. तरी एवढ्यावरून ती चाचणी दृष्टीआड करता येत नाही.

भारतात ‘कोलकाता संवेद’ या संस्थेने नृत्योपचाराची पद्धत मुख्यतः मानवी तस्करीतून सुटलेल्या मुलींसाठी रुजवली. तिच्या सहकार्याने मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेत पदविका अभ्यासक्रम सुरू झाला.

छिन्नमनस्क रुग्णांच्या गटात काही पथ्ये पाळावी लागतात. संशयाने घेरलेल्या माणसाला विचारल्याशिवाय स्पर्श करायचा नाही, डोळे मिटण्याचा आग्रह धरायचा नाही. आणि वर्तुळाबाहेर बसून नुसते पाहायचे असेल, तर तेही चालते.