काज आहे, बटण नाही

परवा कपाट आवरताना माझा लग्नातला कोट हाती लागला. १९७६ सालचा. दर सव्वीस जानेवारीला मी तोच घालून शाळेत जायचो. १९८५ च्या सुमारास एकदा झेंडावंदनानंतर सातवीतल्या एका मुलाने कोटाच्या डाव्या लॅपेलकडे बोट दाखवून विचारलं, "सर, इथे काज आहे, मग बटण कुठाय?" पोरं हसली. मी म्हणालो, "नसत्या चौकशा नकोत. रांगेत उभा राहा." खरं म्हणजे मला उत्तर येत नव्हतं. आणि मी इतिहास शिकवत होतो!

कोट पाहून तो मुलगा आठवला, आणि जुन्या पोशाखांविषयी वाचायला बसलो.

सतराव्या शतकाच्या अखेरीस फ्रान्स-इंग्लंडातल्या उमरावांच्या कोटाला कॉलर नसायची. खांद्यापर्यंत केसांचा टोप आणि गळ्याला रुमाल, मग ती दिसणार कुठे? बटणं मात्र गळ्यापासून खालपर्यंत. कॉलर आली ती खेड्याकडून. अठराव्या शतकातल्या इंग्लंडात 'फ्रॉक' नावाचा साधा, सैलसर कोट होता. त्याची दुमडलेली कॉलर वारा-पाऊस आला की उभी करता येई. घोड्यावरून रपेट करणाऱ्या जमीनदारांनी तो उचलला आणि शतक संपेपर्यंत शहरातही रुळवला.

लॅपेल म्हणजे तर कोटाची उघडी दारं! वरची बटणं काढली की कडा बाहेर वळतात आणि आतली बाजू दिसते. ब्रिटिश पलटणींच्या लाल डगल्यांवर हा वळलेला भाग वेगळ्या रंगाचा असे. कुठल्या पलटणीला कुठला रंग, हे १७६८ च्या राजाज्ञेत ठरवून दिलेलं होतं. म्हणजे उकाड्याची सोय शिपायाची ओळख झाली.

एकोणिसाव्या शतकात शिंप्यांनी आत ताठ कापड घालून, इस्त्री फिरवून ही घडी कायमची केली. कॉलर वेगळा तुकडा आणि लॅपेल कोटाच्याच पुढच्या भागाचा, म्हणून दोन्ही भेटतात तिथे खाच राहिली. गळ्याशी लागणारं बटण गेलं, काज उरलं. लोक त्यात फूल खोचू लागले.

हे वाचून मी आरशासमोर कोट घातला, कॉलर उभी केली, लॅपेल गळ्याशी ओढून एकावर एक आणले. काज बरोबर गळ्याखाली आलं! मागून सौ. म्हणाली, "या वयात नटून कुठे निघालात?"

कुठेच नाही. चाळीस वर्षांपूर्वीचं एक उत्तर द्यायचं राहून गेलं होतं. तो मुलगा आता पन्नाशी ओलांडलेला असेल, कुठे असतो ठाऊक नाही. बाळा, तुझी चौकशी नसती नव्हती. बटण होतं. उजव्या बाजूला, गळ्याशी. रांगेत उभं राहायला हवं होतं ते मी.