लॉटरीच्या जाहिरातीतून आलेले जाड अक्षर

कोणताही शब्दकोश उघडला की मूळ शब्द जाड ठशात आणि अर्थ बारीक ठशात दिसतो. ही सोय इतकी अंगवळणी पडली आहे की तिलाही इतिहास असेल, असे मनात येत नाही. तो इतिहास सुरू होतो लंडनच्या भिंतींवर, लॉटरीच्या जाहिरातींपासून. (थ्रेड)

अठराव्या शतकापर्यंत मुद्रकाचा मुख्य ग्राहक म्हणजे ग्रंथवाचक. ग्रंथ हातात धरून, निवांत वाचला जातो. भिंतीवरचे पत्रक मात्र चालत्या माणसाला थांबवण्यासाठी असते. पुस्तकी अक्षरे नुसती आकाराने वाढवली, तरी दुरून ती फिकीच वाटत.

यावर तोडगा काढला रॉबर्ट थॉर्न या खिळे ओतणाऱ्याने. ज्या थॉमस कॉट्रेलकडे तो शिकला, त्याचीच फाउंड्री त्याने १७९४ मध्ये विकत घेतली होती. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी त्याने अक्षराची उभी रेघ फुगवली, इतकी की अक्षराच्या आतली पोकळी चिंचोळी झाली. आडव्या रेघा आणि टोकांची सेरिफ मात्र केसासारखी बारीक ठेवली. काळ्याचा हा लठ्ठ पट्टा नजर खेचतो. बारीक रेघ अक्षराची ओळख टिकवते. या ठशाला इंग्रजीत नावही सरळ पडले: ‘फॅट फेस’. त्याच्या प्रसाराचे श्रेय विल्यम सॅव्हेजने १८२२ च्या आपल्या ग्रंथात थॉर्नलाच दिले आहे.

जाणकारांना हे रुचले नाही. मुद्रक थॉमस हॅन्सर्ड याने १८२५ च्या ‘टायपोग्राफिया’त अशा अक्षरांवर कठोर टीका केली. टीका अगदीच निराधार नव्हती. या ठशात सबंध परिच्छेद वाचणे ही शिक्षाच आहे. पण भिंतीवरच्या अक्षराला ग्रंथाची फूटपट्टी लावणे हा अन्यायही होता.

सरकारी लॉटरीची तिकिटे विकणारे दलाल या ठशाचे मोठे ग्राहक. गंमत अशी, की १८२० मध्ये थॉर्न वारला आणि फॅन स्ट्रीटवरील त्याची फाउंड्री विल्यम थॉरोगुडने घेतली, तीही, परंपरेने सांगितले जाते त्याप्रमाणे, लॉटरीत जिंकलेल्या पैशांतून! ब्रिटनमधील ती सरकारी लॉटरी १८२६ मध्ये बंद पडली. अक्षर मात्र टिकले. नाटके, लिलाव यांच्या पत्रकांवर ते आधीच पोहोचले होते.

खरे वळण आले १८४५ मध्ये. थॉरोगुडचा भागीदार रॉबर्ट बेस्ली याने त्याच फाउंड्रीतून ‘क्लॅरेंडन’ बाजारात आणला. ठसे कोरले बेंजामिन फॉक्सने. यात सेरिफ जाड होती आणि उभ्या रेघेला हलक्या वळणाने जोडलेली होती. जाड-बारीक रेघांतील तफावत कमी केल्यामुळे हे अक्षर लहान आकारातही गिचमिड होत नसे. त्यामुळे ते भिंतीवरून थेट ग्रंथाच्या ओळीत उतरले: साध्या मजकुराशेजारी बसून एखादाच शब्द उठावदार करणारे. जुळाऱ्याला आता शब्द वेगळा दाखवण्यासाठी तिरप्या अक्षरांवर किंवा जुन्या गॉथिक वळणावर अवलंबून राहण्याचे कारण उरले नाही.

बेस्लीने नव्या कायद्यानुसार या ठशाची नोंदणी केली. संरक्षण मिळाले फक्त तीन वर्षांचे. मुदत संपताच इतर फाउंड्र्यांनी सर्रास नकला काढल्या आणि बेस्लीचा संताप व्यर्थ गेला. तो स्वतः १८६९ मध्ये लंडनचा लॉर्ड मेयर झाला. ‘क्लॅरेंडन’ हे मात्र त्याच्या मालकीचे विशेषनाम राहिले नाही. पुढे इंग्रज मुद्रक कोणत्याही जाड ठशाला याच नावाने ओळखू लागले.