मावशीच्या मिशा

हौशी नाटकमंडळींच्या कपडेपटात मी चोवीस वर्षं पुरुषांना लुगडी नेसवली. नवी पोरं एकच हट्ट धरायची, "काका, अगदी बाईसारखा दिसलो पाहिजे." काम नायिकेचं असेल तर हट्ट रास्त. मावशीचं असेल, तर मी म्हणायचो, आधी गौळण बघून ये.

तमाशात गण झाला की गौळण लागते. मथुरेच्या बाजाराला दूध-लोणी घेऊन निघालेल्या गौळणी, वाट अडवणारा कृष्ण, त्याचा पेंद्या आणि गौळणींची म्होरकी मावशी. गौळणी खऱ्या बाया, मावशी मात्र बाप्या. आमच्या जत्रेत मी पाहिलेली मावशी धोतर-सदऱ्यातच उभी होती. खांद्यावरचं उपरणं डोक्यावर घेतलं, एक टोक दातात धरलं, कंबर लचकवली, झाली मावशी! मिशा तशाच. कृष्णानं "तू कोण गं?" विचारल्यावर ती अशी लाजली की मैदान लोळायला लागलं. त्यात फसलं कुणीच नव्हतं. हा पुरुष आहे हे त्याला ठाऊक, कृष्णाला ठाऊक, आपल्याला ठाऊक, आणि तरी सगळे तिला मावशीच म्हणतात. हसू येतं ते या उघड्या गुपिताचं.

इंग्रजीत या मुद्दाम अती केलेल्या, नटव्या शैलीला 'कॅम्प' म्हणतात. सुझन सोंटॅग यांनी १९६४ साली तिच्यावर गाजलेला लेख लिहिला. आपल्या फडांवर ती कितीतरी आधीपासून नांदत होती.

नायिका रंगवणारे बालगंधर्वही लुगडंच नेसत. पण त्यांच्यापुढे प्रेक्षक पुरुष विसरायचा. त्यांचं नेसणं, त्यांचा गजरा बघून घरंदाज बायका तशा नटायच्या. मावशीला तो विसर नकोच असतो. म्हणून तिच्या लुगड्याचा घोळ मी जरा वर ठेवायचो, पोटऱ्या दिसाव्यात इतका. पदर घट्ट टाचला तर तो सारखा सावरण्याची गंमतच जाते.

लंडनमध्ये १८९२ साली ब्रँडन थॉमस यांच्या 'चार्लीज आंट'मध्ये एक तरुण असाच मावशी झाला. आचार्य अत्र्यांनी त्यावरून 'मोरूची मावशी' लिहिलं आणि १९८५ पासून विजय चव्हाणांनी ती घरोघरी पोचवली. नाटक विलायतीवर बेतलेलं. पण चव्हाणांच्या ठसक्यात मला कायम गौळणीतलीच मावशी दिसली.

रंगमंचावरून उतरल्यावर मात्र हा खेळ निर्दय होतो. तमाशापटांत नाच्या, म्हणजे बायकी लचकणारा पुरुष, म्हटलं की नट गणपत पाटील. ते पडद्याबाहेर संसारी गृहस्थ, तरी लोकांनी त्यांना नाच्याच मानलं. आनंद यादवांच्या 'नटरंग' कादंबरीत नाच्या झालेला गुणा याच वाटेनं भरडला जातो. तिच्यावरच्या २०१० च्या चित्रपटानं ते सगळ्यांना दाखवलं. ज्याच्या लचकण्यावर हजार माणसं हसतात, त्याला चौकात हाक मारताना तीच माणसं तोंड वाकडं करतात, याचा मला आजही संताप येतो.

आमच्याकडे एका पोरानं मावशी अशी केली की विंगेत मी डोळे पुसले. दुसऱ्या दिवशी चौकात कुणीतरी त्याला "बाई गं" म्हणून हाक मारली. पुढच्या वर्षी तो तालमीला आला नाही. त्याचं हिरवं लुगडं मी धुऊन, घडी घालून ट्रंकेत ठेवलं होतं. ते दुसऱ्याला नेसवावं लागलं.