चरस, कुत्रा आणि आकडी

विल्यम ब्रूक ओशॉनेसी हे आयरिश डॉक्टर कलकत्ता मेडिकल कॉलेजात रसायनशास्त्र शिकवत. भांग, गांजा, चरस यांचा आपल्याकडे औषध म्हणून वापर होतो हे त्यांनी पाहिले. पण रोग्याला देण्याआधी त्यांनी एका कुत्र्याला १० ग्रेन, म्हणजे सुमारे ६५० मिलिग्रॅम, चरस स्पिरिटमध्ये विरघळवून पाजला. अर्ध्या तासात कुत्रा पेंगू लागला. मध्येच दचकून उठे, शेपटी हलवी, अधाशासारखा खाई, झोकांड्या देई. सहा तासांनी तो पूर्ववत झाला.

१८३९ साली त्यांच्याकडे एक तान्ही मुलगी आली. सव्वा महिन्याची असताना तिला आकडी येऊ लागली होती. त्यांनी थेंबाथेंबाने अर्क सुरू केला, मात्रा वाढवली. मुलगी बरी झाली. झटक्यांवर मोलाचे औषध सापडले, असे त्यांनी लिहिले.

इथे आपण जरा थांबू. कुत्र्यावरच्या प्रयोगाने काय कळले? एवढ्या मात्रेने तो मरत नाही, इतकेच. त्याला आकडी येतच नव्हती. मग ती थांबते का, हे कसे कळणार? आणि मुलीची आकडी अर्काने थांबली की आपोआप?

शिवाय अर्कात अनेक रसायने होती. इस्रायलमध्ये राफाएल मेशुलम व सहकाऱ्यांनी १९६३ साली कॅनाबिडिऑलची रचना उलगडली. १९६४ साली नशा आणणारे टीएचसी वेगळे केले. आता प्रश्न नेमका विचारता आला. ब्राझीलमध्ये कार्लिनी व सहकाऱ्यांनी १९७३ साली उंदरांना झटके आणणारी रसायने दिली. कॅनाबिडिऑलने उंदरांचे झटक्यांपासून रक्षण केले, आणि या द्रव्याने नशा येत नाही.

उंदीर म्हणजे मूल नव्हे. म्हणून २०१७ साली ड्राव्हे सिंड्रोम या दुर्धर अपस्माराच्या १२० मुला-तरुणांवरची चाचणी प्रसिद्ध झाली. काहींना औषध, काहींना औषधासारखेच दिसणारे निष्क्रिय द्रव्य. औषध घेणाऱ्यांचे महिन्याचे झटके (मध्यांक) १२.४ वरून ५.९ वर आले. दुसऱ्या गटाचे १४.९ वरून १४.१ वर. २०१८ साली अमेरिकेत या औषधाला मान्यता मिळाली. झोपाळूपणा, जुलाब असे त्रासही नोंदले गेले. मात्रा डॉक्टरच ठरवतात. घरगुती भांग हा त्याला पर्याय नव्हे.

ओशॉनेसींचा अंदाज पूर्ण चुकला नव्हता. पण त्यांच्याकडे दुसरा गट नव्हता. ही गोष्ट वर्गात सांगताना मुलांना विचारून पाहू: तो गट नसता, तर ५.९ या आकड्याचा अर्थ आपण काय लावला असता?